जमिनीतील बुरशीनाशके आणि जिवाणूंचे साह्य

पिकावर रोग पडला की शेतकरी औषध फवारतो. द्राक्षावर भुरी किंवा डावणी दिसू लागली, बटाट्याच्या पानांवर करप्याचे डाग उमटले, पोफळीच्या घोसातील कोवळी सुपारी गळू लागली, की ताबडतोब पंप खांद्यावर घेतला जातो; आणि तसे करण्यावाचून गत्यंतरही नसते. बुरशीचा रोग दोन दिवस थांबा म्हटल्याने थांबत नाही. फवारणी झाली, रोग आटोक्यात आला, म्हणजे औषधाचा विषय मनातून जातो. ते औषध पुढे कोठे गेले, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. फवाऱ्याचा काही भाग पानांवर राहतो, काही वाऱ्याबरोबर उडतो, आणि बराचसा भाग त्याच वेळी किंवा पुढे पावसाच्या पाण्याबरोबर जमिनीवर उतरतो. बियाण्याला चोळलेले औषध तर बियाण्याबरोबरच मातीत पुरले जाते. वर्षामागून वर्षे हा क्रम चालला म्हणजे जमिनीत औषधाचा साठा होऊ लागतो. तो साठा काढावयाचा कसा, हा आजच्या शेतीपुढील एक कठीण प्रश्न आहे.

या प्रश्नाला अलीकडे एक उत्तर पुढे येत आहे. मातीतच राहणारे काही जिवाणू या औषधांचे विघटन करतात. तेव्हा असे जिवाणू वाढवून शेतात सोडले म्हणजे जमीन शुद्ध होईल, असे ते उत्तर आहे. त्यात तथ्य पुष्कळ आहे, आणि ते मोठे विलक्षणही आहे. परंतु सर्व बुरशीनाशके एका जातीची नसतात, म्हणून जिवाणूंचे सामर्थ्यही सर्वांवर सारखे चालत नाही. काही औषधांचा ते समूळ निकाल लावतात, काहींचे नुसते स्थलांतर करतात, आणि काहींपुढे त्यांचा इलाजच चालत नाही. हा भेद ज्याच्या ध्यानात येईल त्याला जिवाणूंचा खरा उपयोग करून घेता येईल. ज्याच्या ध्यानात येणार नाही त्याचा पैसा जाईल आणि जमीन होती तशीच राहील.

आरंभ सर्वांत जुन्या औषधापासून करू. फ्रान्समधील मेडॉक प्रांतात रस्त्याकडेच्या द्राक्षवेलींवर मोरचूद आणि चुना यांचे मिश्रण शिंपडण्याची चाल होती. त्यात रोग हटवण्याचा हेतू नव्हता. वाटसरूंना द्राक्षे विषारी वाटावीत आणि त्यांनी ती तोडून खाऊ नयेत, एवढाच उद्देश होता. १८८२ मध्ये बोर्डो येथील वनस्पतिशास्त्रज्ञ मिलार्दे यांच्या असे ध्यानात आले की, डावणीने आसपासच्या वेली पर्णहीन झाल्या असता या शिंपडलेल्या वेलींची पाने मात्र टिकून आहेत. त्यांनी प्रयोग केले आणि १८८५ मध्ये ते मिश्रण औषध म्हणून प्रसिद्ध केले. हेच बोर्डो मिश्रण होय. आपल्या बाजूस ते पोफळीच्या बागांतून रुळले. म्हैसूर संस्थानात कोलमन या शास्त्रज्ञांनी सुपारीच्या कोळे रोगाचा अभ्यास करून १९१० मध्ये तो प्रसिद्ध केला आणि त्यावर बोर्डो मिश्रणाच्या फवारणीचा मार्ग दाखवला. गोव्यातील कुळागरांत आणि उत्तर कन्नड जिल्ह्यातील बागांत पावसाळ्याच्या तोंडावर आजही हाच उपाय केला जातो.

एक किलो मोरचुदात सुमारे पाव किलो तांबे असते. तांबे हे मूलद्रव्य आहे. मूलद्रव्य फोडून त्याचे दुसरे काही करणे कोणत्याही सजीवाच्या शक्तीबाहेरचे आहे. जिवाणूच काय, अग्नीदेखील तांब्याचा नाश करू शकत नाही. म्हणून फवारलेले तांबे वर्षानुवर्षे मातीच्या वरच्या थरात साठत जाते. युरोपातील जुन्या द्राक्षमळ्यांच्या एका किलो मातीत काही शे मिलिग्रॅम तांबे आढळते. सामान्य जमिनीत ते बहुधा काही दशकांच्या घरात असते. या साठ्याने गांडुळे आणि मातीतील उपयुक्त सूक्ष्मजीव मंदावतात. युरोपीय संघाने यासाठी २०१८ मध्ये नियम करून हेक्टरी तांब्याची मर्यादा सात वर्षांत मिळून २८ किलो, म्हणजे सरासरीने वर्षाला चार किलो, अशी घालून दिली आहे. काही जिवाणू तांबे आपल्या पेशीच्या आवरणाला चिकटवून धरतात, काही त्याला मुळांना शोषता येईल किंवा येणार नाही अशा रूपात नेतात. एवढेच त्यांच्या हाती आहे. तांबे जमिनीतच राहते. फक्त त्याचा उपद्रव कमीअधिक होतो. शेणखत घालून आणि जमिनीचा आंबटपणा चुन्याने कमी करूनही तोच परिणाम साधता येतो. तांब्याच्या बाबतीत खरा उपाय एकच, तो म्हणजे आरंभीच कमी घालणे.

दुसरा वर्ग पाऱ्याच्या औषधांचा. बियाण्यावरील बुरशी मारण्यासाठी पाऱ्याची संयुगे एके काळी जगभर वापरली जात. त्यांनी केलेला सर्वांत मोठा घात इराकमध्ये झाला. १९७१ च्या अखेरीस तेथे मेथिल पारा चोळलेले गव्हाचे व सातूचे बियाणे शेतकऱ्यांना वाटण्यात आले. ते पेरण्यासाठी होते. पण पोटाला अन्न नव्हते, आणि पोत्यांवरील सूचना त्यांना कळणाऱ्या भाषेत नव्हती. बियाण्याला ओळखीसाठी तांबडा रंग दिलेला होता. रंग धुऊन निघाला म्हणजे विषही निघाले, असे समजून अनेक घरांतून त्याच्या भाकरी भाजल्या गेल्या. ६,५३० माणसे रुग्णालयांत दाखल झाली आणि त्यांपैकी ४५९ दगावली. जे कधीच रुग्णालयापर्यंत पोहोचले नाहीत, ते या आकड्यात नाहीत.

जपानमध्ये १९५० च्या दशकात भातावरील करप्यासाठी पाऱ्याचे असेच एक संयुग खाचरांतून उडवले जाई. तेथील पारा मिसळलेल्या मातीतून १९६० च्या दशकात शास्त्रज्ञांनी एक जिवाणू वेगळा काढला. तो या संयुगाच्या सान्निध्यात मरत नसे. या जातीच्या जिवाणूंपाशी दोन विकरे असतात. विकर म्हणजे सजीवाच्या पेशीत तयार होणारा, एखादी ठरावीक रासायनिक क्रिया घडवून आणणारा पदार्थ. पहिले विकर पारा आणि कार्बन यांच्यातील बंध तोडते; दुसरे त्या सुट्या पाऱ्याला त्याच्या मूळ धातुरूपात आणते. धातुरूपातील पारा वाफ होऊन मातीतून उडून जातो. जिवाणूच्या दृष्टीने काम फत्ते झाले, कारण त्याच्या अंगणातील विष गेले. परंतु माणसाच्या दृष्टीने ते गेले कोठे? ते हवेत गेले, आणि हवेतून पुन्हा कधी तरी कोणत्या तरी पाण्यात उतरणार. जमीन स्वच्छ झाली असे येथे म्हणता येईल, पण पारा नाहीसा झाला असे मात्र म्हणता येणार नाही. भारतात बटाटा आणि ऊस यांच्या बेण्यासाठी पाऱ्याचे एक संयुग दीर्घकाळ चालू होते. २०१८ च्या केंद्रीय आदेशाने त्यावर बंदी आली.

आता तिसरा वर्ग, आणि जिवाणूंचे खरे कार्यक्षेत्र हेच. आजची बहुतेक बुरशीनाशके कार्बनी संयुगे आहेत. कार्बन, हायड्रोजन, ऑक्सिजन, नायट्रोजन, क्लोरीन अशा अणूंची ती बांधणी असते. अणू नष्ट करता येत नाहीत, पण बांधणी मोडता येते. आणि ती पुरती मोडली म्हणजे शेवटी कार्बन डायऑक्साइड वायू, पाणी आणि काही साधे क्षार एवढेच उरतात. कागदाच्या राखेत जसा मजकूर उरत नाही, तसे या अवशेषांत विष उरत नाही.

अशा औषधांपैकी शेतकऱ्यांच्या तोंडी सर्वाधिक असलेले नाव म्हणजे कार्बेन्डाझिम. बाविस्टीन या व्यापारी नावाने ते खेडोपाडी परिचित आहे. १९६८ च्या सुमारास बाजारात आलेले बेनोमिल हे औषधही जमिनीत पडताच थोड्या अवधीत कार्बेन्डाझिमच बनते. पेशी विभागताना तिच्यातील अत्यंत सूक्ष्म तंतू दोन्ही बाजूंना ओढ घेतात आणि एका पेशीच्या दोन होतात. कार्बेन्डाझिम हे तंतू जुळू देत नाही, म्हणून बुरशीची वाढ खुंटते. परंतु हे तंतू बुरशीपुरते मर्यादित नाहीत. गांडुळाच्या पेशींतही ते असतात, आणि गांडुळांना हे औषध फार बाधते. इंग्लंडमधील सफरचंदाच्या बागांत बेनोमिल फवारल्यानंतर गांडुळांची संख्या घटल्याचे १९७० च्या दशकात दिसून आले. शरदात गळलेली पाने गांडुळे एरवी बिळात ओढून नेतात. ती तशीच वर पडून राहू लागली, आणि खवल्या रोगाची बुरशी याच पानांवर हिवाळा काढते. ज्या रोगासाठी औषध फवारले, त्याच रोगाला त्या औषधाने असा आसरा दिला. बेनोमिलवर भारतात २०१८ च्या त्याच आदेशाने बंदी आली. युरोपीय संघात कार्बेन्डाझिमची मान्यता २०१४ मध्ये संपली.

उघड्या जमिनीत कार्बेन्डाझिमचे प्रमाण निम्म्यावर येण्यास सहा महिने ते एक वर्ष लागते, असे जागतिक आरोग्य संघटनेने प्रसिद्ध केलेल्या माहितीत नमूद आहे. तेव्हा दर हंगामात फवारणी होत असेल तर मागचे संपण्यापूर्वीच पुढचे येऊन पडते. येथे जिवाणू उपयोगी पडतात. जिवाणूंच्या पेशीत त्या घडणीचे तंतू नसतात, म्हणून जे औषध बुरशीला मारते ते त्यांना सहसा मारीत नाही. उलट त्यांच्यापैकी काहींना ते अन्नच वाटते. कार्बेन्डाझिमच्या रेणूला एक वलयाकार भाग आणि त्याला जोडलेले एक लहान शेपूट असते. नोकार्डिऑइडिस, ऱ्होडोकॉकस इत्यादी गटांतील काही जिवाणूंचे विकर हे शेपूट तोडते. उरलेल्या भागात बुरशीला मारण्याचा गुण फारच थोडा असतो. त्यानंतर ज्या जिवाणूंपाशी पुढची विकरे आहेत ते वलयही फोडतात, त्यातील कार्बन आणि नायट्रोजन आपल्या वाढीसाठी घेतात, आणि बाकीचे वायुरूपाने सोडून देतात.

महाराष्ट्रातही या दिशेने काम झालेले आहे. पुण्याजवळ मांजरी येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रातील शास्त्रज्ञांनी बॅसिलस सबटिलिस या जिवाणूच्या चार वाणांची कार्बेन्डाझिमवर परीक्षा घेतली. प्रयोगशाळेतील द्रवात, द्राक्षाच्या मण्यांवर आणि मातीत ते औषध किती वेगाने कमी होते हे मोजले, आणि त्याचे निष्कर्ष २०१४ मध्ये प्रसिद्ध केले. या जिवाणूचे महत्त्व असे की, तो परका नाही. त्याचे वास्तव्य मुळात मातीत आणि वेलींवरच असते. शिवाय उन्हात व कोरड्या हवेत तो कठीण कवचाचे बीजाणू करून तग धरू शकतो, म्हणून साठवून ठेवण्यास व शेतावर नेण्यास तो सोयीचा पडतो.

असे जिवाणू सापडतात कसे? मातीच्या एका चिमटीत कोट्यवधी जिवाणू असतात आणि त्यांच्या जाती हजारो. त्यांतून नेमका हवा तो निवडण्याची युक्ती बायेरिंक व विनोग्राडस्की या शास्त्रज्ञांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस घालून दिली. ज्या पदार्थाचे विघटन व्हावे असे वाटते, तोच पदार्थ एकमेव अन्न म्हणून ठेवावयाचा. ज्यांना तो खाता येत नाही ते उपाशी राहतात. ज्याला येतो तो वाढतो. काही दिवसांनी भांड्यात त्याचीच वस्ती उरते.

या युक्तीचे एक उत्तम फळ जपानमध्ये मिळाले; पण ते समजण्यापूर्वी तुर्कस्तानात घडलेली एक शोककथा सांगणे अवश्य आहे. हेक्झाक्लोरोबेन्झीन नावाचे एक औषध १९४५ पासून गव्हाच्या बियाण्याला काणीचा रोग होऊ नये म्हणून लावीत. १९५५ ते १९५९ या काळात तुर्कस्तानच्या आग्नेय भागात टंचाईमुळे लोकांनी हे बियाणे दळून खाल्ले. सुमारे ३,००० ते ४,००० लोकांना एका विचित्र रोगाने ग्रासले. उन्हात जाताच त्यांच्या त्वचेवर फोड येत, लघवी तांबडीकाळी होई, मुलांच्या अंगावर दाट केस उगवत. विष मातेच्या दुधातून तान्ह्या मुलांत उतरले. त्यांच्या अंगावर गुलाबी चट्टे उठत, आणि अशी बहुतेक अर्भके दगावली. काही खेड्यांत दोन ते पाच वर्षे वयाची मुलेच उरली नाहीत. पुढे २००१ च्या स्टॉकहोम करारात ज्या बारा चिवट विषांवर प्रथम निर्बंध घालण्यात आले, त्यांत हे एक होते.

हे औषध इतके चिवट का? त्याच्या रेणूत सहा कार्बन अणूंचे वलय असते आणि प्रत्येक कार्बनाला एकेक क्लोरीन अणू जोडलेला असतो. किल्ल्याला चहूकडून तट असावा तसे हे सहा क्लोरीन वलयाभोवती असतात, आणि जिवाणूच्या विकराला आत शिरण्यास वाव मिळत नाही. जमिनीत त्याचे प्रमाण निम्मे होण्यास तीन ते सहा वर्षे लागतात. हवेच्या सान्निध्यात राहणारा कोणताही जिवाणू हे वलय फोडू शकेल, असे पुष्कळ काळ कोणास वाटत नव्हते. जपानमध्ये ताकागी व त्यांच्या सहकाऱ्यांनी यासाठी कोळशाचा आश्रय घेतला. कोळशाच्या अंगात असंख्य सूक्ष्म छिद्रे असतात. त्यांनी मातीत विशिष्ट कोळशाचे कण मिसळले आणि त्यातून याच कुळातील दुसऱ्या एका बुरशीनाशकाचे पाणी पुनःपुन्हा फिरवले. औषध कोळशात मुरले, आणि ते खाऊ शकणाऱ्या जिवाणूंनी त्याच छिद्रांत घर केले. त्यांतून मिळालेला नोकार्डिऑइडिस गटातील एक जिवाणू हेक्झाक्लोरोबेन्झीनचाही निकाल लावतो, असे त्यांनी २००९ मध्ये जाहीर केले. तो प्रथम एका क्लोरीनाच्या जागी ऑक्सिजन बसवतो. तटाला अशी एक खिंड पडली म्हणजे पुढची मोडतोड सोपी होते.

जिवाणूंचे हे कौशल्य माणसाच्या सोयीसाठी निर्माण झालेले नाही, हेही लक्षात ठेवले पाहिजे. इंग्लंडमधील कांदा-उत्पादकांना याचा अनुभव १९८० च्या दशकात आला. कांद्याच्या पांढऱ्या कुजीवर आयप्रोडिऑन नावाचे औषध जमिनीत घालीत, आणि पहिल्या वर्षांत त्याचा गुण चांगला आला. पुढे त्याच शेतांत ते निकामी ठरू लागले. रोगाची बुरशी औषधाला सरावली असावी, असा तर्क होणे साहजिक होते. परंतु वेल्सबोर्न येथील संशोधकांनी तपास केला तेव्हा निराळेच आढळले. ज्या मातीत हे औषध पूर्वी कधी पडले नव्हते तेथे ते कित्येक आठवडे टिके. ज्या मातीत ते वारंवार पडले होते तेथे थोड्याच दिवसांत संपे. मातीतील सूक्ष्मजीव ते खावयास शिकले होते आणि रोगाची गाठ पडण्यापूर्वीच औषध फस्त करीत होते. शुद्धीकरणाच्या दृष्टीने ही मोठी आशादायक गोष्ट. कांद्याच्या धन्याच्या दृष्टीने मात्र हे सरळ नुकसान. एकच औषध एकाच शेतात सतत वापरू नये, या उपदेशाला येथे आणखी एक कारण मिळते.

विघटन झाले म्हणजे धोका टळला, असे मानण्यातही घाई होते. मॅन्कोझेब, म्हणजे शेतकऱ्यांचे एम-४५, जमिनीत फार दिवस टिकत नाही. पण त्याच्या मोडतोडीतून एथिलिन थायोयुरिया नावाचा पदार्थ निघतो, आणि तो गळ्यातील थायरॉइड ग्रंथीला अपायकारक आहे. मूळ औषधापेक्षा त्याचे हे अपत्य अधिक चिंतेचे ठरले. मातीतील सूक्ष्मजीव पुढे त्याचाही फडशा पाडतात. परंतु तोपर्यंत पावसाचे पाणी त्याला विहिरीकडे नेऊ शकते, कारण तो पाण्यात सहज विरघळतो. म्हणून अमुक जिवाणूने तमुक औषध कमी केले, एवढ्याने समाधान मानू नये. शेवटी काय उरले, हे विचारले पाहिजे.

प्रयोगशाळेत मिळालेले यश शेतात तसेच मिळत नाही, ही या विद्येची सर्वांत मोठी अडचण. काचेच्या भांड्यात जिवाणूला ऊब असते, पाणी असते, प्रतिस्पर्धी नसतात. शेतात सोडल्यावर त्याला शेजारच्या कोट्यवधी जुन्या रहिवाशांशी अन्नासाठी झगडावे लागते, आणि मातीतील प्रजीव त्याला गिळून टाकतात. कधी त्याला औषधापेक्षा चवदार अन्न मिळते आणि तो औषधाकडे ढुंकूनही पाहत नाही. कधी औषधाचे प्रमाण इतके थोडे असते की त्यावर त्याचा निर्वाहच होत नाही. शिवाय औषध जितके जुने होते तितके ते मातीच्या कणांच्या खोल फटींत शिरून बसते. तेथे जिवाणूचा प्रवेश होत नाही. उन्हाळ्यात भेगाळलेल्या कोरड्या रानात तर कोणताच जिवाणू काम करीत नाही.

म्हणून दोन मार्गांचा विचार केला जातो. एक, बाहेरून निवडक जिवाणू आणून सोडणे. दुसरा, जमिनीत मूळचे जे आहेत त्यांनाच बळ देणे. कुजलेले शेणखत, बेताचा ओलावा, खेळती हवा आणि नांगरलेले पिकांचे अवशेष यांनी मूळचे जिवाणू वाढतात, आणि विघटनाचा वेगही सामान्यतः वाढतो. जेथे मूळच्या वस्तीत योग्य जातच नाही, तेथे पहिल्या मार्गाचा आश्रय घ्यावा लागतो. परंतु तेथेही शेणखत आणि ओलावा यांची जोड हवीच. पाहुण्याला नुसते दारात सोडून चालत नाही.

या सर्व ज्ञानाचा सर्वांत साधा उपयोग स्वीडनने करून दाखवला. तेथे असे आढळले की, पाणी दूषित होण्यास संपूर्ण शेतापेक्षा एक लहानशी जागा पुष्कळदा अधिक कारण होते. पंप भरण्याची आणि धुण्याची जागा ती हीच. तेथे औषध सांडते, तेही पाणी न मिसळलेले. १९९३ मध्ये स्वीडनमध्ये या जागेसाठी एक खड्डा तयार करण्यात आला. सुमारे ६० सेंटिमीटर खोल, तळाला चिकणमातीचा थर, त्यावर पेंढा दोन भाग, शेतातील वरची माती एक भाग आणि दलदलीतील पीट नावाची कुजकट माती एक भाग, असे मिश्रण; आणि सर्वांत वर गवत. पंप या खड्ड्यावरच भरावयाचा आणि धुवावयाचा. सांडलेले औषध मिश्रणात अडकते आणि तेथील जिवाणू व पेंढ्यावरील बुरशी त्याचे हळूहळू विघटन करतात. ही पद्धत पुढे अनेक देशांत गेली आणि प्रत्येकाने आपल्याकडील जिन्नस वापरले. इटलीत द्राक्षवेलींच्या छाटणीतील काड्या आणि लिंबू-संत्र्यांच्या साली यांवर असे प्रयोग झाले. छाटणीच्या काड्यांचे ढीग नाशिक, सांगली आणि विजापूर भागांतील बागांतही दरवर्षी निघतात. आपल्याकडे पंप बहुधा विहिरीच्या काठावर किंवा पाटाच्या पाण्यात धुतला जातो. ही एक सवय सोडली तरी पुष्कळ काम होईल.

जिवाणूंच्या नावाने काही विकत घेताना एक भेद ध्यानात ठेवावा. ट्रायकोडर्मा, स्यूडोमोनास, बॅसिलस अशी जी जैविक औषधे दुकानांतून मिळतात, त्यांचे मुख्य काम रोगाच्या बुरशीला अटकाव करणे हे आहे. त्यामुळे रासायनिक फवारण्या कमी झाल्या तर जमिनीचा फायदाच. पण तेवढ्यावरून ती जमिनीतील जुने औषध काढून टाकतात असे सिद्ध होत नाही. ट्रायकोडर्मा ही तर स्वतःच एक बुरशी आहे. तिच्याबरोबर कार्बेन्डाझिम वापरले तर तीच मरावयाची. जमीन शुद्ध करून देतो असे कोणी म्हणाला तर त्याला तीन प्रश्न विचारावेत. हा जिवाणू नेमक्या कोणत्या औषधाचे विघटन करतो? विघटनानंतर शेवटी काय उरते? आणि माती तपासून, आधीचे व नंतरचे प्रमाण मोजून पाहिले आहे काय? ज्याला या तीन प्रश्नांची उत्तरे देता येतील त्याचे म्हणणे विचारात घेण्यासारखे आहे.

मातीतील जिवाणू हे काम अनादिकाळापासून करीत आले आहेत. गळलेली पाने, मेलेली जनावरे, शेतातील धसकटे यांची विल्हेवाट तेच लावतात. गेल्या शतकात माणसाने त्यांच्यापुढे काही अशा वस्तू टाकल्या की ज्या त्यांनी कधी पाहिल्या नव्हत्या, आणि त्यांतल्याही काही खावयास ते शिकले. परंतु त्यांच्या शिकण्याला वेळ लागतो, आणि तांब्यापाऱ्यासारख्या पदार्थांपुढे त्यांची विद्या थांबते. शेतकऱ्याने रोग ओळखून, मोजून मापून, आवश्यक तेवढेच औषध वापरले, पंपाचे पाणी विहिरीपासून दूर ठेवले आणि जमिनीला शेणखत दिले, तर जिवाणूंवर त्यांच्या शक्तीबाहेरचा भार पडणार नाही. एवढे आपल्या हातचे झाले म्हणजे उरलेले काम ते पार पाडतील, अशी अपेक्षा ठेवण्यास हरकत नाही.